समुद्रगायीनं खाल्लेलं गवत

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि तिला तर मी स्टाफरूममधली भांडणंही भाजी निवडता निवडता सांगतो. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून जीभ जरा सैल झालीय एवढंच.

मी काष्टीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका खाडीकाठच्या शाळेशी आमची जोडी जमली. त्या खाडीतलं समुद्री गवत नाहीसं होत चाललं होतं. दोन्हीकडच्या पोरांनी आणि तिथल्या मच्छीमारांनी मिळून ते पुन्हा लावायचं, असा बेत. हे गवत पाण्याखाली उगवतं, त्यात माशांची पिल्लं वाढतात, समुद्रगाय नावाचा मोठा प्राणी त्यावर चरतो — सगळं मी घसा कोरडा करून शिकवलं. ‘गवत वेगळं, शेवाळ वेगळं’ हे तर पोरांकडून घोकून घेतलं. मी स्वतः यातलं काही पाहिलं होतं का? अहो, मी समुद्रच पाहिला नव्हता.

खाडीवर गेलो. ओहोटीच्या चिखलात पोरांनी गवताचे झुबके लावले. वाहून जाऊ नयेत म्हणून एकेक झुबका दोऱ्यानं खुंटीला बांधला. आमची आरती, आठवीतली, वर्गात कधी तोंड न उघडणारी — तिनं कोपऱ्यातला अख्खा वाफा एकटीनं लावला. तिथले म्हातारे दामूकाका तिच्या शेजारी गुडघाभर चिखलात उभे राहून खुंट्या ठोकत होते.

आता त्या सकाळकडे यायला हवं. येतो — पण आमच्या घरच्या शेतात कांदा असतो, हे आधी सांगतो. वाफ्यात तण दिसलं की माझे हात शिवशिवतात. ही सबब आहे का? असेल तर खोडून टाका.

दोन महिन्यांनी लागवड बघायला खाडीवर पुन्हा शिबिर भरलं, तेव्हा उजाडायच्या सुमारास मी एकटाच फिरायला गेलो. ओहोटी होती. आरतीच्या वाफ्यात हिरवंगार, लांबसडक काहीतरी तरारलं होतं आणि मधेमधे नखाएवढ्या पानांचं बारीक तण. पोरीचं पीक तणानं खाल्लं म्हणायचं! मी पँट वर केली, खुरपायला धरतात तशी एका ओळीची पात धरली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ उपटत गेलो. मग दुसरी पात. मग तिसरी. छान घाम आला. कंबर सरळ करायला उभा राहिलो, तेवढ्यात ऊन पडलं आणि हातातल्या तणाला दोरा दिसला.

दोरा! कुठलं तण स्वतःला दोरा बांधून घेतं?

तरारलेलं होतं ते शेवाळ. ते मी जपून ठेवलं होतं. हातातलं सगळं मी ओहोटीच्या पाण्यात सोडून दिलं — घाईघाईनं, इकडेतिकडे बघत. तोवर मागून आरती आलीच.

“सर, माजं गवत कुटं गेलं?” म्हणाली आणि रडायलाच लागली.

तेव्हा खरं बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी मी म्हणालो, “अगं, रडतेस काय? समुद्रगाय चरून गेली असणार!”

रडणं जागच्या जागी थांबलं. “खरंच, सर?” आणि ती धावत सुटली. पाच मिनिटांत अख्खा गाव खाडीवर. शिबिरातल्या अभ्यासक बाई वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, “इथं कधी दिसल्याचं ऐकलं नाही. पण ती चरली की अशाच उघड्या पट्ट्या पडतात.” मी मान डोलावली. माझी खुरपणी सरळ असते, त्याला मी काय करू?

काष्टीच्या बाजारात बातमी आमच्या आधी पोचली. एकानं विचारलं, “मास्तर, दूध किती देती वो ही गाय?” मी हसलो. हसण्यासारखं सगळंच नव्हतं, म्हणा. गाय पुन्हा यावी म्हणून दामूकाकांनी त्या कोपऱ्यात जाळं टाकणं सोडलं. त्यांची हुकमी जागा होती ती. बाकीच्यांनीही सोडलं. गवत वाढलं, पसरलं, हे खरं — पण काका दर ओहोटीला तिथं जाऊन उभे राहत. मला फोन करत, “मास्तर, गाय अजून इली नाय.” मी म्हणायचो, “येईल, काका.” ते वारल्याचं आरतीनंच कळवलं.

आरती आता समुद्रातल्या जीवांचं शिक्षण घेते. गेल्या महिन्यात शाळेनं तिचा सत्कार केला. जी पोरगी बोलत नव्हती, ती माईकवर थांबेना. सगळं त्या एका सकाळमुळे घडलं, म्हणाली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

नंतर तिनं मला बाजूला घेतलं. पुढचा अभ्यास तिला त्याच खाडीवर करायचाय — त्या गायीचा. “सर, तुम्ही सगळ्यांच्या आधी पोचला होता. त्या पट्ट्या केवढ्या रुंद होत्या, आठवतंय?”

मी दोन्ही हात पुढे करून माप दाखवलं. ती पर्समधून टेप काढू लागली. तेवढ्या वेळात मी हात आणखी चार बोटं लांब नेले — गाय चांगली मोठी वाटावी म्हणून.