धुरातला देव आणि झेंडूची पाकळी

आधीच कबूल करून टाकते: या प्रसंगात देव नक्की कोणाच्या बाजूने होता, हे मला अजून उमगलेलं नाही. माझ्या बाजूने तर तो नव्हताच, आणि त्याबद्दल मी त्याची जन्मभर ऋणी आहे.

अल्लीपूरला आमच्या घरी माझे सासरे, म्हणजे मामाजी, दम्याच्या जुन्या दुखण्याने खोलीत अडकून पडले होते. उमेदीची वर्षं जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीत गेली, उरलीसुरली बिडीने नेली. नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. पुन्हा दम उखडला तर घरी ठेवता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामाजींचं एकच मागणं होतं, "सूनबाई, मले या खोलीतून नेऊ नको." मी शब्द दिला. औषधं, वाफ, पाठीला उशा, सगळं चोख ठेवलं. तरी दम हटेना, तेव्हा मी देवाला कामाला लावलं.

मी जे करते ते थाटात करते. भजनी मंडळातला माझा टाळ गावाबाहेर ऐकू जातो म्हणतात. मामाजींच्या पलंगाजवळच दत्ताची तसबीर मांडली. दिवेलागणीला डास येऊ नयेत म्हणून खिडक्या लावायच्या, निखाऱ्यांवर ऊद टाकायचा आणि निरांजन ओवाळत खड्या आवाजात आरती. पण आरती संपेपर्यंत मामाजींचा दम आणखी वाढलेला असायचा. मला वाटे, भक्ती कमी पडते आहे. मग मी ऊद वाढवायची. एकदा ते धापा टाकत म्हणाले, "सूनबाई, दत्त दिसून नाई राह्यला."

मी म्हटलं, "श्रद्धेनं पाहा मामाजी, दिसते."

एका गुरुवारी आरतीच्या मध्येच त्यांचे ओठ निळसर झाले. मी घाबरून आणखी जोरात गाऊ लागले. दुसरं मला येतंच काय? तेवढ्यात दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. समोरच्या गजूभाऊंच्या दुकानात तिची स्कूटी पंक्चरला दिली होती, ती प्यायला पाणी मागायला आली होती. पाणी राहिलं बाजूला. तिने सरळ आत येऊन माझ्या हातातलं निरांजन घेतलं, उदाचं धुपाटणं उचललं आणि दोन्ही अंगणात नेऊन ठेवली. मग खिडक्या उघडल्या.

"नळीतून ऑक्सिजन चालू हाये आन् तुमी दिवा फिरवून राह्यल्या? घर पेटवता का, बाई?"

"अहो, देवाचं आहे ते!"

"देवाले धूर चालते. याईच्या छातीले नाई चालत."

आयुष्यभर छातीच्या वॉर्डात नर्स होते, एवढंच तिने सांगितलं. मामाजींना पुढे झुकवून बसवलं, कोपरांखाली उशी दिली. मग तसबिरीच्या हारातल्या झेंडूची एक पाकळी तोडून तळहातावर त्यांच्या तोंडापुढे धरली. "बाबा, नाकानं घ्या. ओठाचा चंबू करून हळूहळू सोडा. पाकळी हालली पाह्यजे, उडाली नाई पाह्यजे."

पहिली पाकळी हललीच नाही. तिसरी उडून थेट माझ्या कपाळावर चिकटली. पाचवी थरथरली. हळूहळू ओठांवर रंग परतला आणि धूर निवळलेल्या खोलीत मामाजी समोर बघत म्हणाले, "आता दिसला दत्त."

"डॉक्टरले लगेच फोन लावा," असं मला बजावून ती निघाली. फोन झाल्यावर मी धावत समोर गेले, तर ती स्कूटीसकट निघून गेलेली. नावही विचारायचं राहिलं होतं.

"गजूभाऊ, मोठा खिळा होता का?"

"तीनदा ट्यूब पाण्यात बुडवली, वहिनी. छेदच नाई. हवा भरून देल्ली."

"मग आधीची हवा गेली कुठं?"

"तोच इचार करून राह्यलो."

मीही तोच विचार करते आहे. देवाला हाका मारत मीच त्याची वाट धुराने अडवत होते का? की त्या धुरातूनच तो आला? मला सुचत नाही, आणि आता सुचावं असा हट्टही नाही. त्या रात्री डॉक्टरांनी तपासून मामाजींना घरीच राहू दिलं. दत्त ओसरीवर बसले आहेत, त्यांना फक्त फूल. टाळ खुंटीला आहे. दिवेलागणीला मी, जिचा आवाज गावाला ठाऊक आहे ती, तळहातावर पाकळी धरून गप्प बसते. मामाजी त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच पलंगावर, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडतात.

पाकळी हलते. उडत नाही.