टेम्पल व्ह्यूची खोली

"मॅडम, गाडी पुढे सोडत नाहीयेत. पोलीस म्हणतात मागे फिरा. आता काय करायचं?"

फोनवर अकोल्याचे नितीनराव होते. गेल्याच आठवड्यात या गृहस्थांनी मी ठरवून दिलेली खोली रद्द करून स्वतः ऑनलाइन हॉटेल बुक केलं होतं. आणि आता काय करायचं ते मी सांगायचं. फ्रीगंजच्या माझ्या छोट्याशा ऑफिसात मी नुकताच डबा उघडला होता. तो बंद केला.

उज्जैनला येणाऱ्या लोकांची राहण्या-फिरण्याची सोय करणं हा माझा धंदा. लोकांना वाटतं, यात काय, फोन उचलायचा आणि खोली बुक करायची. खोली मिळणं अवघड नसतंच. आपण नेमके कशासाठी येतोय, हे माणसांकडून वदवून घेण्यात माझा जीव जातो.

नितीनरावांच्या बाबतीत तेही सोपं होतं. त्यांच्या आई मालतीबाई मूळच्या उज्जैनच्या, लग्न होऊन अकोल्याला गेलेल्या. श्रावणात एकदा माहेरी जाऊन महाकालाची सवारी बघायची, एवढीच त्यांची इच्छा होती. दरवर्षी घरात काहीतरी निघायचं आणि ते राहून जायचं. आता दोन्ही गुडघे गेले होते. घरातल्या घरात काठी लागायची. यंदा त्यांनी मुलाला सांगितलं, "पुढच्या वर्षीचं मला काही सांगता येत नाही." म्हणून ही ट्रिप.

सवारी म्हणजे महाकालाची पालखी. आमच्या गावात महाकाल हा देव आहेच, पण राजाही आहे. सोमवारी तो पालखीत बसून प्रजेची ख्यालीखुशाली विचारायला निघतो. त्या दिवशी दुपारपासून पालखीचे रस्ते गाड्यांना बंद होतात. शेवटची ती शाही सवारी, आणि तिला सगळ्यात जास्त गर्दी.

नितीनरावांचा पहिला प्रश्न सगळे विचारतात तोच होता. "हॉटेल मंदिरापासून किती अंतरावर आहे?"

मी म्हटलं, "अंतर सोडा. दारापर्यंत गाडी येते का ते विचारा. आईंना चालवत नाही ना?"

"अहो, पण आम्ही शेवटच्या सोमवारी येतोय. तुमच्याकडचा सावन राखीलाच संपतो. आपला श्रावण तेवढा चालू. म्हणजे तिकडची गर्दी ओसरलेली असणार."

दोन्हीकडची पंचांगं बघून हिशेब लावणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. हिशेब मात्र साफ चुकला होता. आमच्याकडचा सावन संपला तरी सवारी भादोंत, म्हणजे तुमच्या श्रावणाच्या उत्तरार्धात, चालूच राहते, आणि ते ज्या सोमवारी येत होते तीच शाही सवारी होती. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी "हो का" म्हटलं. ऐकलं नाही, हे मला नंतर कळलं.

मी त्यांच्यासाठी सवारीच्या रस्त्यावरचा एक जुना लॉज बघितला होता. तळमजल्यावरची खोली, गल्लीतून मागच्या दारापर्यंत रिक्शा, कमोड, आणि खोलीबाहेर रस्त्याला लागून उंच ओटा. ओट्यावर खुर्ची टाकली की पालखी समोरून जाते. त्यांच्या बजेटमध्ये आरामात बसत होता. मिळणं मात्र कठीण. सवारीच्या दिवशी या रस्त्यावरची घरं पाहुण्यांनी भरतात. लेकी, जावई, व्याही सगळे दुपारीच येऊन जागा धरतात. लॉजचे मालक नाना आमच्यातलेच, मराठी. त्यांची किती मनधरणी केली ते माझं मला ठाऊक.

मग फोटो अकोल्याला गेले. सूनबाईंना टाइल्स जुनाट वाटल्या. पुण्याच्या नणंदेने फॅमिली ग्रुपवर दुसऱ्याच हॉटेलचा फोटो टाकला. पाचवा मजला, खिडकीतून शिखर दिसतं, खाली 'टेम्पल व्ह्यू' लिहिलेलं, वर ब्रेकफास्ट बुफे. सगळ्यांनी खाली पसंतीच्या अंगठ्याचे इमोजी टाकले.

"आईंना विचारलंत का?" मी विचारलं.

"आईचं काही नसतं हो. तिला कुठेही चालतं."

मी सांगितलं की ते हॉटेल बॅरिकेडच्या आत आहे, आणि पालखी त्या खिडकीखालून जात नाही. ते म्हणाले, "मॅप तर अगदी जवळ दाखवतोय." बोलून बोलून माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

तर आता त्यांची गाडी देवास गेटपाशी अडकली होती. हॉटेलवाला फोनवर सांगत होता, "बस थोड़ा ही पैदल है सर, आ जाइए." मी स्कूटी काढून पोचले. मालतीबाई मागच्या सीटवर काठी धरून बसल्या होत्या. नेसलेली साडी अगदी ठेवणीतली.

"राहू दे रे नितीन," त्या म्हणाल्या. "इथूनच हात जोडते."

नितीनरावांवर ओरडायचं ठरवूनच मी आले होते. ते वाक्य ऐकून ओरडणं राहून गेलं.

नानांच्या लॉजपर्यंत जायला एका ई-रिक्शावाल्याला मागच्या गल्ल्या विचारल्या. तो म्हणाला, "पीछे के दरवाज़े तक छोड़ दूँगा, आगे आप जानो." लॉजच्या मागच्या दाराशी नाना उभेच होते.

"बाई, तुमच्या भरोशावर मी व्याह्यांना मना केलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही कॅन्सल केलं, मी त्यांना बोलावून घेतलं. आता ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही. कुणाकुणाला उठवू?"

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. तेवढ्यात मालतीबाई रिक्शातूनच म्हणाल्या, "पुढे ओट्यासमोर पत्र्याच्या डब्यांचं दुकान होतं. आहे का अजून?"

नाना रिक्शाजवळ आले. "तुम्ही इथल्या?"

"पलीकडच्या गल्लीतली. या ओट्यावर उभी राहून सवारी बघितलीय मी. तुमची आई आम्हा पोरींना पुढे उभं करायची."

नाना आत वळून ओरडले, "अरे, माहेरवाशीण आली आहे. पुढची कुर्सी खाली करा."

व्याही स्वतः उठले. नानांच्या दोन लेकींच्या मधोमध मालतीबाई बसल्या. पालखी समोर आली तेव्हा त्यांनी हातही जोडले नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. मागे उभे राहून नितीनराव रडत होते.

मुक्कामाला त्या नानांच्या घरच्यांतच राहिल्या. बाकी मंडळी गर्दी ओसरल्यावर टेम्पल व्ह्यूला गेली, कारण पैसे भरले होते.

मला वाटलं, गृहस्थ शहाणे झाले. मग त्यांनी ऑनलाइन लिहिलेला अभिप्राय पाहिला. टेम्पल व्ह्यूला पाचपैकी पाच तारे. "उत्तम लोकेशन. आईला पालखीचं सुंदर दर्शन झालं." लॉजचं नाव नाही, नानांचं नाही. माझं तर नाहीच.

परवा तेच वाचून नाशिकहून एका बाईंचा फोन आला. त्यांना तेच हॉटेल हवं होतं, पालखी दिसणारं. मी विचारलं, सोबत वयस्क कुणी आहे का?

"सासूबाई आहेत. पण त्यांचं काही नसतं हो."

मी म्हटलं, "फोन त्यांना द्या."