कांबळेचं टाइमचं कार्ड

एक विचारतो, खरं सांगा. एखादी वस्तू घ्यावी की थांबावं, हे तुम्ही कुणाला विचाराल? जो विकतोय त्याला, की जो घेऊन पस्तावलाय त्याला? आमच्या कांबळेने विकणाऱ्याला विचारलं. विकणारा मी होतो.

असे किस्से साचत जातात. दुकानात परत आलेल्या स्विचचा एक डबा असतो ना, टाकवत नाही आणि कुणाला दाखवताही येत नाही, तसे. आज डबा उलटा करतो.

घाटकोपरला माझं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. वडील गिरणीत होते, मी दहावी नापास, धंदा काउंटरमागे उभा राहून शिकलो. लेक परदेशी जाताना कॉम्प्युटरवर अवकाशातल्या व्यापाराचा एक ऑनलाइन गेम टाकून गेला. म्हणाला, "बाबा, तुमच्यासारख्यांसाठीच आहे." तिथे आमचा ग्रुप जमला. मुलुंडची वर्षा, फिजिओथेरपिस्ट, ती आमची कॅप्टन. सुनील कांबळे, मरोळला सीएनसी मशीन चालवतो. आणखी चार-पाच जण. रविवारी सकाळी आम्ही दुकानाशेजारच्या इडलीवाल्याकडे भेटतो.

या गेममध्ये प्रत्येक गोष्ट शिकावी लागते आणि शिकायला खरे दिवस लागतात, कॅलेंडरवरचे. तुम्ही गिऱ्हाईक करत असा नाहीतर जेवत असा, आत तुमचा माणूस शिकत असतो. त्याच्या डोक्यात एक महागडी चिप बसवली की तीस दिवसांचं शिक्षण पंचवीस दिवसांत होतं. भांडण एकाच गोष्टीवर, चिप घ्यायची कधी?

* * *

मी तिसऱ्याच दिवशी घेतली. होतं नव्हतं ते सगळं घातलं. वाटलं, धंद्यात पहिल्यांदा उतरणारा जिंकतो.

आठवड्याने वर्षाने विचारलं, "काका, काय काय शिकलात?"

बघतो तर काहीच नाही. काय शिकायचं ते यादीत टाकावं लागतं, आणि माझी यादी कोरी.

वर्षा म्हणाली, "ट्यूशनला रिक्षा लावलीत, काका. पोराला घरीच विसरलात."

* * *

चिपची एक मेख आहे. जहाज फुटून माणूस मेला तर गेमवाले नवीन शरीर देतात. शिकलेलं सगळं टिकतं, पण चिप जुन्या शरीराबरोबर जाते. म्हणून वर्षाचा नियम होता, "आधी यादी. मग स्वस्तातली चिप. आणि महागडी घातलीत की शिकून होईपर्यंत घरात बसा."

मी घरात बसण्यात फारच पुढे गेलो. अकरा आठवडे माझं जहाज गोदीतून हललं नाही. एकदा आमच्या तळावर हल्ला झाला, सगळे धावले. वर्षाचा मेसेज आला, "काका, येताय ना?"

मी लिहिलं, "नेट स्लो आहे गं."

रविवारी तिने इडली बाजूला सारून फोन माझ्यापुढे धरला. हल्ला चालू असताना मी गेममधल्या बाजारात चौदा सौदे केले होते, वेळेसकट दिसत होते.

"नेट स्लो," ती म्हणाली, "आणि शेठ फास्ट."

सगळे हसले. मीही हसलो. दुकानात शिरून पंधरा मिनिटं बाहेर आलो नाही.

* * *

मग आला कांबळे. स्वभावाने सरळ, ओळंब्यात धरल्यासारखा. आमच्यासाठी तो खाणीतून खनिज काढायचा आणि ते मलाच विकायचा, मी म्हणेन त्या भावाने.

वर्षातून एकदा आमचा ग्रुप मोठी मालवाहू जहाजं घेऊन लांबच्या सफरीवर निघतो. कांबळे तीन वर्षं लहान जहाजातून मागे मागे फिरायचा. यंदा त्याने ठरवलं होतं, मोठं जहाज स्वतः चालवायचं. "घरी पोरीला सांगितलंय, शेठ. ती बाजूला बसून बघणार आहे. बाबा ड्रायव्हर, हमाल नाही."

शिक्षण तीस दिवसांचं. सफर सत्तावीस दिवसांवर. माझ्याकडे दोन चिप विकायच्या पडून होत्या.

"घेऊ का, शेठ?"

"घे की."

"काही अट-बिट नाही ना? वर्णन इंग्रजीत आहे, मला नीट कळलं नाही."

मी म्हणालो, "अट कसली? डोक्यात घाल आणि विसर."

मेख सांगितली असती तर त्याने दोनदा विचार केला असता. आणि घेतली असती तरी तो पंचवीस दिवस घरात बसला असता. मग माझं खनिज कुणी काढलं असतं? हे दोन्ही विचार माझ्या मनात त्याच क्षणी आले होते. नंतर सुचलं म्हणायची सोय नाही.

त्याने गेममधली पाच महिन्यांची कमाई दिली. वर दुसऱ्या दिवशी बायकोने केलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी दुकानात आणून दिली. "तुम्ही गाइड केलंत म्हणून."

* * *

चौदाव्या दिवशी खाणीवर लुटारू आले. कांबळेचं जहाज फुटलं. नवीन शरीर मिळालं, डोकं रिकामं.

त्याचा फोन आला. "शेठ, चिप दिसत नाही."

मला तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. तोंडातून निघालं, "हो का? नशीब, कांबळे."

"नाही हो," तो म्हणाला, "माझंच काहीतरी चुकलं असणार."

* * *

त्या रविवारी त्याने खिशातून एक पिवळं कार्ड काढलं. वर्कशॉपमध्ये प्रत्येक जॉबला, म्हणजे मशीनवर चढणाऱ्या प्रत्येक कामाला, असं कार्ड असतं म्हणे. किती वेळ लागायला हवा, किती लागला, फरक का पडला. त्याने गेमसाठीही तसंच कार्ड केलं होतं, बारीक अक्षरात, पट्टीने आखून.

वर्षाने ते हातात घेतलं. "चौदा दिवस चिप होती. उरलेलं आता साध्या वेगाने." तिने बोटं मोजली. "सफर सकाळी अकराला निघणार. तुझं शिक्षण संपणार त्याच दिवशी दुपारी चारला."

"पाच तास," कांबळे म्हणाला.

"अरे पण चिप घातल्यावर खाणीवर गेलासच कशाला? तुला कुणी सांगितलं नाही?"

कांबळेने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी विचारायला पाहिजे होतं, ताई."

त्याने विचारलं होतं. ते फक्त त्याला आणि मला ठाऊक होतं. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'चूक: ऑपरेटरची.'

मी सांबार मागवलं. माझं समोर भरलेलं होतं तरी.

* * *

सफर निघाली. वर्षाने बजावलं होतं, यंदा नेट स्लो चालणार नाही. मी मोठं जहाज घेऊन निघालो, डोक्यात एव्हाना जमवलेल्या पाच महागड्या चिप. कांबळे नेहमीच्या लहान जहाजात, मागे. पोरगी बाजूला बसली होती, असं नंतर कळलं.

दुसऱ्या नाक्यावर लुटारूंनी मला घेरलं. बाकीचे पुढे निघून गेलेले. स्क्रीन लाल झाली. मी टाइप करायला घेतलं, 'वाचवा', तेवढ्यात एक लहान जहाज वळून माझ्या आणि त्यांच्या मधे आलं.

खाली कांबळेची ओळ उमटली. "शेठ, तुम्ही निघा. तुमच्या डोक्यात माल आहे. माझं डोकं रिकामंच आहे."

मी निघालो. मागे वळून पाहिलं नाही, ही सवय जुनी.

पुढच्या रविवारी इडलीवाल्याकडे त्याने तेच पिवळं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. खाली नवीन ओळ आखली होती. तारीख त्याने टाकली होती, पुढचे रकाने रिकामे.

"हे काय?"

"तुमच्या चिप वाचल्या ना, शेठ. म्हणजे दिवस वाचले. किती ते तुम्हालाच ठाऊक, म्हणून तुम्ही भरा." त्याने शर्टाच्या खिशातलं पेन काढून मला दिलं. माझं बोट शेवटच्या रकान्यावर, त्याच्या त्या जुन्या ओळीपाशी थांबलेलं त्याला दिसलं असावं.

"खरं तेच लिहा हां, शेठ," कांबळे म्हणाला. "कार्डावर खोटं लिहिलं, की पुढच्या माणसाचा जॉब बिघडतो."