म्हशीच्या खांद्यावरचा मोर

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात गवळी म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात आणि मुद्दाम वाढवलेले अंगावरचे केस कातरून नक्षी काढतात. हे काम पुरुषांचं. आमच्या घरात ते सासऱ्यांचं होतं, पण यंदा त्यांचा हात थरथरायला लागला. नवऱ्याला साधी सरळ रेघ येत नाही. राहिले मी.

मला चित्र काढायला कुणी शिकवलं नाही. गारगोटीला माहेरी मी भाकरीवरच्या करपल्या डागांत पाखरं शोधायची आणि कोळशानं ती गोठ्याच्या भिंतीवर काढायची. आईचे धपाटे खाल्ले, खोड गेली नाही. आजही आधी आखून काढायला बसले की हात आखडतो.

सासरे म्हणाले, "दरसाल मोर असतोय, मोरच काढ. बिघडवलास तर म्हस दारातनं भाईर जाणार न्हाय. आन् परत कातरीला हात लावायचा न्हाय, सांगून ठेवतो."

"बरं मामा," मी म्हणाले, पण खडूनं आखायला नकार दिला. त्यांचं तोंड वाकडं झालं. ते समोरच ठाण मांडून बसले. कागदावरची रेघ खोडता येते, कातरलेला केस परत चिकटवता येत नाही. माशी बसली की म्हैस कातडी थरथरवायची आणि मी कातर उचलून श्वास धरायची. केसांचा कल जिकडे, तिकडे हात जात होता. मोराची मान झाली. पिसारा सुरू झाला.

तेवढ्यात खांद्यावरचे केस उतरले आणि खाली वीतभर लांब व्रण दिसला. काठीचा. सासूबाई वारल्या त्या आठवड्यात म्हशीनं पान्हा चोरला होता, दूधच देईना. गोठ्यातून आलेला काठीचा आवाज मी ऐकला होता, पण घरात कुणी कधी त्यावर बोललं नाही.

भोवतालचे केस वळवून तो झाकता आला असता. शहाणपण तेच होतं, पण हाताला पटेना. मी पिसारा व्रणाच्या अलीकडेच थांबवला आणि कातर खाली ठेवली. सासरे उठले, व्रण बघितला आणि त्यांनी म्हशीचं दावं सोडलं.

रस्त्यावर गर्दीतून एकजण ओरडला, "ओ पावणं, मोर अर्धाच की! कातर चुकली व्हय?"

सासऱ्यांनी नुसती मान डोलावली असती तरी माझं चित्र काढणं तिथंच संपलं असतं.

"सुनेचं काय चुकलं न्हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "काठीचा वण हाय त्यो. बायको गेली आन् मी ह्या मुक्या जनावरावर राग काढला."

सासूबाई गेल्यापासून त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.