एका वेळी एकच कागद

वारलू गुरनुलेच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एकच. त्यामुळे त्याच्याकडे काय शिजलं हे मला वासावरून कळतं आणि काय बिनसलं हे कान न लावता कळतं. कान लावला तर आणखी कळेल, पण ते खातं माझ्या बायकोकडे आहे.

वारलू शिलाई मशीन दुरुस्त करतो. आलापल्लीच्या बाजारात झाडाखाली त्याची पेटी असते. शिलाई मशीन, फवारणीचे पंप, टेबलफॅन, जे म्हणून फिरतं ते त्याला कळतं. न फिरणाऱ्या गोष्टींत त्याचं डोकं चालत नाही, आणि बायको ही त्याच्या हिशेबानं न फिरणारी गोष्ट.

त्याची बायको अन्नपूर्णा. विडीच्या तेंदूपानांच्या हंगामात तिचा हात बघायला फडावर, पानं गोळा होतात तिथं, लोक थांबायचे. पुडा सत्तर पानांचा. बाकीच्या बाया ओठ हलवून मोजतात. ही मोजतच नव्हती. पानांची गड्डी हातात घ्यायची, कडांवरून अंगठा फर्रकन फिरवायची, की ओली पानं एकमेकांपासून सुटायची. मग शेजारणीच्या सुनेची निंदा करता करता पुडा बांधून मोकळी. निंदाही पुरी आणि पानंही सत्तर.

मी एका कचेरीत शिपाई. कोणती ते विचारू नका, सगळ्या सारख्याच. दीड-दोन वर्षांमागं आमच्याकडे जुन्या फायली कॉम्प्युटरात चढवायचं काम निघालं. स्कॅनर नावाचा डबा आला. त्याला एक फट, आणि त्या फटीत एका वेळी एकच कागद द्यायचा. दोन गेले की मागचा कागद पुढच्याआड दडतो, आणि ज्याचा दडला त्याच्या जमिनीचा दावाही दडतो. दोन शिकलेले लोक ठेवून पाहिले, दोघंही थुंकी लावून लावून जोडीनंच कागद पाठवत होते. तेव्हा मी प्रणित साहेबांना अन्नपूर्णाचं नाव सांगितलं. साहेब तरुण, नागपूरचे, चांगले हसरे. म्हणाले, "आणा बाईंना."

बाई आल्या आणि राहिल्या. टाचणी काढायची, कागद सोडवायचा, फटीत द्यायचा. एकही जोडीनं गेला नाही. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या साधना मॅडम म्हणायच्या, हिची बोटं बघूनच मला झोप येते, इतकी एकसारखी चालतात.

वारलू तिला रोज सायकलवर सोडायला यायचा आणि मी गेटवर रोज स्वागताला.

"काय गा वारलू, बाई पंख्याखाली अन तू झाडाखाली?"

"झाडाची हवा चांगली असते, लटारूभाऊ."

"हो ना. अन झाड हजेरी बी घेत नाई."

तो हसायचा. रोज हसायचा. महिनाभर हसला आणि मग एके दिवशी हसला नाही. त्या दिवसापासून त्याच्या घरात ठोकठोक सुरू झाली.

त्यानं कागद सोडवायची मशीन करायला घेतली होती. शिलाई मशीनची मोटर, तिच्यावर एक रूळ, रुळाला सायकलच्या ट्यूबचा रबर. रुळाखाली जुन्या स्लिपरच्या तळव्याचा तुकडा, खालून दाबून बसवलेला. रूळ वरचा कागद पुढं ओढणार आणि स्लिपर खालच्याला मागं धरून ठेवणार. ही अक्कल त्यानं अन्नपूर्णाच्या बोटांवरून घेतली. तिला अंगणात बसवून तो तासतासभर तिच्या हाताकडे बघायचा. लग्नाला वीस वर्षं झाली, इतकं त्यानं तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"जरा हळू कर ना. दिसून नाई राह्यलं."

"हळू केलं तं होत नाई."

"कोणतं बोट ओढते अन कोणतं धरते, येवढं सांग."

"मले काय माहीत? मी कधी पाह्यलं?"

वर्षभरात रूळ सात वेळा बदलला, स्लिपर घरातल्या सगळ्यांच्या गेल्या. शेवटी चालली. सांजेला अन्नपूर्णा कचेरीतून आली की तो मशीन पाटावर मांडून बसायचा आणि म्हणायचा, "दे." ती कोपऱ्यातली रद्दी कागदांची गड्डी उचलून, फर्रकन वाजवून त्याच्या हातात द्यायची आणि चुलीकडे जायची. मशीन घरघरायची आणि एक, एक, एक कागद पुढं टाकायची. मी अंगणाच्या भिंतीवरून मान काढून स्वतः मोजले. शंभरात एकही जोडी नाही.

आता अशी बातमी माझ्या पोटात कशी राहणार? दुसऱ्या दिवशी चहा देता देता साहेबांच्या कानावर घातली. साहेबांना गंमत वाटली. त्यांनी वारलूला बोलावून घेतलं.

"आपण सामना लावू. शंभर कागद बाईंना, शंभर तुझ्या मशीनला. मशीन जिंकली तर मशीन ठेवून घेतो, आणि ती चालवायला तूच राहा. टेबल एक आहे, एकच माणूस बसेल. चालेल?"

वारलूच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की पंप दुरुस्त झाल्यावरही येत नाही. तो लगेच म्हणाला, "चालेल साहेब."

त्या सांजेला भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं.

"आता पाह्यजो तू. मशीन मायी, नाव मायं. कचेरीत वारलू गुरनुलेची मशीन म्हणतीन."

"अन मी?"

"तू घरी राहाय. वर्सभर लय केलं. आता आराम कर."

भांडं आपटल्याचा आवाज आला.

"आराम मांगतला कोणी?" अन्नपूर्णा म्हणाली.

"अवं, घरातलीच तं नोकरी. तुया हातची मायाकडे येईन."



शुक्रवारी दुपारी सामना. ऑगस्ट महिना, चार दिवस झड लागलेली, भिंतीसुद्धा घामेजलेल्या. दोन टेबलं जोडली. एका बाजूला अन्नपूर्णा, दुसऱ्या बाजूला वारलूची मशीन, मधे साधना मॅडम मोजायला. सगळी कचेरी गोळा. कागद मीच आणले. कपाटातून दोन गड्ड्या काढल्या, एक बाईंपुढं ठेवली आणि एक वारलूच्या मशीनवर थापकन घातली. वारलू हात मागं बांधून उभा होता, नवरदेव उभा राहतो तसा.

बटण दाबलं. पहिल्या फेरीला दोन कागद गेले. दुसरीला तीन. वारलूनं वाकून खालचा स्क्रू आवळला. तिसरीला पुन्हा दोन.

इकडे अन्नपूर्णाचे तीस झाले होते. तिनं मान वर केली. मशीनवरच्या गड्डीकडे बघितलं, मग स्वतःपुढच्या गड्डीकडे. तिचा अंगठा कागदांच्या कडेवर थांबला होता. मला वाटलं, नवऱ्याची दया आली असेल. किती वेळ थांबली? एक टाचणी काढायला लागतो तेवढा. मग तिनं मान खाली घातली आणि एकतिसावा कागद दिला.

तिचे शंभर झाले, चूक शून्य. मशीननं शंभर कागद अठ्ठावन्न फेऱ्यांत संपवले. साधना मॅडमनी आकडा मोठ्यानं वाचला. कचेरीत जरा शांतता झाली, आणि अशी शांतता मला सोसत नाही.

"साहेब," मी म्हटलं, "ही मशीन कागदं सोडवत नाई, कागदायचे लग्न लावून राह्यली!"

साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. अन्नपूर्णा हसली नाही. वारलू हसला, म्हणजे तोंड तसं केलं.

पुढचे दोन-अडीच महिने बाजारात त्याला कोणी नावानं हाक मारली नाही. "काय गा, आज मुहूर्त आहे का?", "माया सातबाराले एखादी पोरगी पाह्य ना." फवारणीचा पंप दुरुस्तीला टाकणारा माणूसही विचारायचा, "जोडीनं तं नाई ना करून देशीन?" ही सगळी पिकं माझ्या एका बियाण्याची. मला तेव्हा अभिमान वाटायचा.

आणि घरी? घरी मशीन पुन्हा बरोबर चालायची. अन्नपूर्णा सांजेला गड्डी वाजवून द्यायची, मशीन एक एक कागद टाकायची, शंभरात एकही जोडी नाही. वारलूच्या डोक्याचा भुगा झाला. कचेरीची वीज कमी दाबाची आहे म्हणाला. टेबलाला उतार आहे म्हणाला. एकदा मला विचारलं, "लटारूभाऊ, तुमी त्या दिवशी नजर तं नाई ना लावली?" मी म्हटलं, "मायी नजर येवढी चांगली अस्ती तं मी शिपाई कायले राह्यलो अस्तो?"

दिवाळीनंतर नागपूरहून कंपनीची मोठी मशीन आली. सोबत निकेश नावाचा इंजिनिअर, शिकवायला. सगळे भोवती जमले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. अन्नपूर्णा मागं, भिंतीला टेकून. मशीन आली म्हणजे आपलं संपलं, हे तिला सांगायला कोणी लागत नव्हतं.

निकेशनं कपाटातली गड्डी उचलली आणि पहिली गोष्ट काय केली तर तिच्या कडांवरून अंगठा फर्रकन फिरवला.

"पहिला नियम लक्षात ठेवा. कागद आधी असे फुलवायचे. त्याच्यात हवा गेली पाहिजे. न फुलवता घातले तर जगातली कोणतीही मशीन दोन-दोन घेईल. पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय."

साहेब म्हणाले, "मग हे फुलवणार कोण?"

"एक माणूस लागेल. टाचण्या काढेल, फुलवेल, मशीनवर ठेवेल."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. अन्नपूर्णा पुढं आली, गड्डी घेतली आणि वाजवली. निकेश बघतच राहिला. "बाई, आधी केलंय का हे काम कुठं?"

"नाई. पानं बांधली."

तिची नोकरी पक्की झाली. कंपनीची मशीन घरघरली आणि एक, एक, एक कागद पुढं आला. माझ्या हातातला चहा गार होत होता आणि डोक्यात मात्र शुक्रवारची दुपार स्वच्छ दिसत होती. ती गड्डी मी थापकन ठेवली होती. घरी जी रोज ती फुलवून द्यायची, ती त्या दिवशी कोणीच फुलवली नव्हती. आणि फुलवणारी तीन हात अंतरावर बसली होती.

हे मी वारलूला सांगितलं नसतं तर कोणाचं काही अडलं नसतं. सांजेला भिंतीवरून सांगितलं, तिखटमीठ लावून, निकेशच्या आवाजाची नक्कल करून. वाटलं, गडी हसेल, दोन शिव्या देईल.

तो थेट मशीनपाशी गेला. त्यानं रद्दीची गड्डी घेतली, तशीच मशीनवर ठेवली. दोन गेले. तीन गेले. थांबवली. मग गड्डी हातात घेऊन अडाण्यासारखी तिची कड अंगठ्यानं खालीवर केली आणि पुन्हा ठेवली. एक. एक. एक.

अन्नपूर्णा चुलीपाशी भाकरी थापत होती.

"तुले माहीत होतं?"

"तिसऱ्या फेरीले समजलं," ती म्हणाली. भाकर थापणं चालूच. "त्याच्या आधी मले बी नाई माहीत. हात आपला चालते."

"मंग एक बार अंगठा फिरवाचा होता! उठून याचं होतं!"

"आली अस्ती. मंग सोमवारी त्या टेबलावर कोण बसलं अस्तं?"

"मी बसलो अस्तो. घरातलीच नोकरी होती ना?"

"घरातली होती. पण मायी होती."

वारलूनं मशीनचं बटण बंद केलं. "अन दिवाळीपर्यंत रोज मले गड्डी फुलवून देत होती ते? समजल्यावर बी?"

तिनं भाकर उलटवली. "मशीन चालली की तुमी जेवत होते. नाई चालली की ताट सरकवत होते. म्हून देली."

भिंतीच्या या बाजूला माझी बायको माझ्याकडे बघत होती. मी दिवा बारीक केला.

दुसऱ्या दिवशी वारलू मशीन सायकलच्या कॅरिअरला बांधून कचेरीत हजर. लोकांनी रस्त्यात लग्नाचं विचारलं, त्यानं मान वळवली नाही. साहेबांपुढं उभा राहिला.

"साहेब, एक डाव. कागद फुलवून ठेवा. कंपनीले ठेवता तसे. फक्त एक डाव."

साहेब मनानं वाईट नाहीत. घड्याळ बघितलं, जेवायला वेळ होता. "हरकत नाही. अन्नपूर्णाबाई, याला शंभर फुलवून द्या."

मला वाटलं, आता बाई कच खाईल, अर्धवट फुलवेल. पण आता तिला कशाची भीती होती? तिनं गड्डी घेतली, एकदा वाजवली, उलटी करून दुसऱ्यांदा वाजवली, टेबलावर ठोकून कडा सारख्या केल्या आणि स्वतःच्या हातानं नवऱ्याच्या मशीनवर ठेवली. कंपनीच्या मशीनसाठीही तिनं इतकं केलेलं मी पाहिलं नाही.

साधना मॅडम मोजू लागल्या. पन्नासला लोक जवळ आले. ऐंशीला कोणी श्वास टाकेना. शंभर कागद, शंभर फेऱ्या. कचेरीत टाळ्या पडल्या, खऱ्या टाळ्या. साहेबांनी वारलूच्या पाठीवर थाप मारली.

"वा वारलू! तिकडे कंपनीत शंभर इंजिनिअर, आणि तू एकट्यानं अंगणात बसून केली. फर्स्ट क्लास!"

वारलूचे डोळे भरले होते. "मंग साहेब, कुठी ठेवू?"

"कुठं म्हणजे?"

"मशीन. कोणत्या टेबलावर ठेवू?"

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली, जणू खरंच जागा शोधत होते. "अरे, आता मशीन आली ना आपल्याकडे. दोन घेऊन काय करू?" मग घड्याळ बघितलं. "चला, टेबल मोकळं करा, जेवायची वेळ झाली."

लोक पांगले. वारलूनं वायर गुंडाळली, मशीन उचलली. अन्नपूर्णानं ते शंभर कागद गोळा करून बाजूला ठेवले, फडक्यानं टेबल पुसलं आणि डबा उघडला.

"दोन भाकरी जास्त हायेत," ती म्हणाली. "बसता का?"

"नाई," वारलू म्हणाला. मी दार धरलं, तो बाहेर गेला.

तेवढ्यात बँकेतून परत आलेला एक बाबू पिशवी सावरत आत शिरला. "मघाशी टाळ्या कशाच्या वाजल्या?"

"आमच्या घरची मशीन चालली," अन्नपूर्णा म्हणाली.

"मग कुठं आहे?"

"घरी नेली," ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला.