मस्सा नव्हे, मस्कत

तेरखेड्यात दारू म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढं बाटली येत नाही. इथं दारू म्हणजे फटाक्याची. आमचा कारखाना गावाबाहेर माळावर, आणि मी लहानपणापासून त्यातच वाढलेली. त्यामुळं धाराशिवच्या कचेरीत लिपिकानं "धंदा काय?" असं विचारलं तेव्हा मी सवयीनं म्हणाले, "दारूचा." त्यानं मान वर करून मला पदरापासून चपलेपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "देशी का विदेशी?"

पुढं हाच प्रश्न माझ्याबद्दलच निघणार होता, हे तेव्हा मला काय ठाऊक.

मी गेले होते अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, रिव्हॉल्व्हरसाठी. वसुलीला एकट्यानं फिरावं लागायचं म्हणून त्यांनी कधीकाळी परवाना काढलेला. त्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही. मांजर अंगावर आलं तरी हा माणूस आधी चप्पल शोधतो. खंडेनवमीला मात्र ते पाटावर मांडलं जायचं. शेजारी सुतळी कापायची कात्री, तराजू, आणि लाल फडक्यात बांधलेलं एक पुडकं. पुडक्यात पोथी असेल असं मी धरून चालले होते. हळदकुंकू सगळ्यांना सारखंच लागायचं.

सत्तरी उलटलेल्या माणसाला आपलं हत्यार वारसाच्या नावावर करता येतं. अण्णांच्या मनानं घेतलं की आपल्या डोळ्यांदेखत ते माझ्या नावावर व्हावं. मी एकुलती एक. लग्न होऊनही मी माहेरच्या कारखान्यात बसते, हे भावकीला पचतच नव्हतं. चुलतभाऊ, आमचा दादा, म्हणाला, "बाईमाणसाला रिव्हॉल्व्हर कशाला? भाजी चिरायला?" मी म्हटलं, "परवाना येऊ दे, मग सांगते कशाला ते." हत्यार ज्याच्याकडं, गादी त्याची, असा आमच्या भावकीतला समज. माझा अर्ज फेटाळला गेला असता तर अण्णांच्या माघारी ते विकावं लागलं असतं, आणि विकत घ्यायला दादा टपलेलाच होता. त्यामागोमाग तो कारखान्यात येऊन बसला असता.

आता माझा जन्म. तो मस्कतचा. अण्णा तेव्हा तिथं क्रेन चालवायचे. मी रांगायला लागले तोवर आम्ही गावी परतलो. शाळेत नाव घालताना आजोबांनी सांगितलं, "मस्कत." गुरुजींनी थोडा विचार केला. मस्कत त्यांच्या ऐकिवात नव्हतं, मस्सा गाव होतं. त्यांनी लिहून टाकलं, जन्मस्थळ मस्सा, तालुका कळंब. तेच दाखल्यावर आलं आणि तेच पुढं सगळीकडं. सातासमुद्रापलीकडून मी थेट शेजारच्या तालुक्यात आले, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडवलं अण्णांनी. लिपिक दाखल्यावरून "मस्सा" लिहायला लागला आणि अण्णा बाकावरून उठले. "खोटं लिवू नका सायेब. पोरगी मस्कतची हाय."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय काढून घेतला आणि जरा मोठ्यानं सांगितलं, "मस्कत. अरबस्तानात."

लिपिकानं पेनाला टोपण लावलं. "मग ह्या भारताच्या नागरिक कशावरून?"

"साहेब," मी म्हणाले, "सकाळपासून रांगेत उभी आहे, आणि मधे घुसणाऱ्या प्रत्येकाशी भांडलेय. आणखी काय पुरावा पाहिजे?"

तो हसला. पण हसू काही फायलीला जोडता येत नाही. परदेशात जन्म असेल तर नागरिकत्वाचा कागद लावावा लागतो, हे त्यानं नीट समजावून सांगितलं. आधार आहे, मतदान करते, असं मी म्हणून पाहिलं. त्यानं मान हलवली. जन्माच्या वेळचं काहीतरी आणा, म्हणाला.

येडशी येईपर्यंत मी एसटीत तोंड उघडलं नाही. येडशी गेल्यावर सुटले. "अण्णा, गप बसायला काय जीव जात होता? सरकार मला मस्स्याची म्हणत होतं, तर म्हणू द्यायचं ना!"

गावात बातमी पोचायला असा कितीसा वेळ लागतो. हॉटेलात चहा पिणारे मला बघून "अस्सलाम" म्हणायला लागले. एकानं व्हिसा कधी संपतो ते विचारलं. दादानं तर घरी खजूर पाठवले. मी खाल्ले. बरे होते.

पण परवान्याचं काही हलेना, आणि दादा कारखान्याकडं रोज फेऱ्या मारायला लागला. एके दिवशी तर तो माझ्या खुर्चीवर बसूनच चहा पीत होता. माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी अण्णांपुढं कोरा कागद ठेवला. "वय झालं, बोलताना चुकलो, पोरगी मस्स्याचीच आहे, एवढं लिहून द्या."

अण्णांनी कागद बाजूला सारला. "तुजी माय सोलापूरच्या पल्याड कधी गेली नव्हती," ते म्हणाले. "पोट घेऊन एकटी इमानात बसून आली. भाषा येईना, वळखीचं मानूस न्हाय. तू झालीस तवा म्या कामावर व्हतो. तिनं समदं एकटीनं निभावलं. आन् आता तिला मस्स्याला उतरवू व्हय?"

आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी कोरा कागद उचलून परत वहीत घातला.

अण्णा उठले, कपाटातून ते लाल फडकं काढून त्यांनी माझ्यापुढं सोडलं. पोथी नव्हतीच. आईचा पासपोर्ट होता. फोटोत डोक्यावर पदर, डोळे घाबरलेले. आतल्या पानावर तिच्या नावाखाली माझं नाव, आणि तिथल्या भारतीय वकिलातीचा शिक्का. माझ्या जन्माच्या नोंदीचा कागदही त्यातच घडी करून ठेवलेला.

"हे तुमच्यापाशी होतं? मग इतके दिवस दिलं का नाही?"

"ठेवून घेतलं असतं तर?"

बरोबर न्यायचं अण्णांनी कबूल केलं, पण हातातून सोडायचं नाही या अटीवर. झेरॉक्सच्या मशीनवरसुद्धा त्यांनी पासपोर्टचा कोपरा सोडला नाही, त्यामुळं प्रत्येक प्रतीवर त्यांचा अंगठा उमटला. लिपिकानं प्रत उजेडात धरली. "हा अंगठा कुणाचा?"

"वडलांचा," मी म्हणाले. "ते इथलेच आहेत. जन्म भूमचा." त्यानं मूळ पासपोर्ट अण्णांच्या हातातच ठेवून वाचला, आणि फाईल पुढं सरकवली.

परवाना आला. त्यावर जन्मस्थळ मस्कत असं स्वच्छ छापलेलं. खंडेनवमीला अण्णांनी सगळी भावकी बोलावली, पाटावरचं रिव्हॉल्व्हर उचललं आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात दिलं. दादा प्रसाद घेऊन लवकर निघाला. जाताना मी त्याला डबाभर खजूर दिले.

पूजा झाल्यावर आवराआवर करताना मी लाल पुडकंही उचललं. एवढं झाल्यावर ते आता माझ्याच कपाटात बरं, असं मला वाटलं.

"ते ठेव," अण्णा म्हणाले.

"अहो, माझ्या नागरिकत्वाचा पुरावा आहे तो."

"तुला झेरॉक्स हाय की. हत्यार तुजं, कारखाना तुजा." त्यांनी पुडकं माझ्या हातातून काढून घेतलं. "हिला म्या कुणाच्या नावावर करत नसतो."

आणि ते बंडीच्या आतल्या खिशात घालून जेवायला बसले.