उद्या अकरा वाजता पेशी

कोरोनामुळे कॉलेज बंद होतं त्या वर्षी आदिलाबादच्या माझ्या दोन खोल्यांत बसून मी बीएस्सीच्या मुलांना ऑनलाइन जीवशास्त्र शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. विनय वगैरे मला जमत नाही. प्रयोगशाळेला कुलूप होतं, म्हणून पुठ्ठ्याच्या पेट्यांना भिंगं लावून चष्मे केले आणि इचोडा, नार्नूर, नेरडीगोंड्याला बसने धाडले. पेटीत मोबाइल सरकवायचा, डोळ्यांना लावायचा. मान वळवाल तिकडे पेशीचं आतलं दिसायचं. पुस्तक इंग्रजी असलं तरी आमच्या मराठी मुलांना मी मराठीतच समजावते.

इचोड्याची एक मुलगी वर्गात सगळ्यांत हुशार. पण घरात फोन एकच, वडिलांचा. ते टेम्पो चालवायचे आणि भाड्याची बोलावणी त्याच फोनवर यायची. सकाळी फोन त्यांच्या खिशात गेला की हिचा वर्ग बुडायचा. "मॅडम, मी यंदा सोडूनच देते," तिने शेजारच्या फोनवरून कळवलं. मी भडकले. त्याच रागात ग्रुपवर बोलून निरोप टाकला, "उद्या अकरा वाजता पेशी. सगळ्यांनी हजर राहायचं. जो येणार नाही त्याची खैर नाही!"

तो निरोप ऐकला वडिलांनी. आमच्याकडे निजामाच्या काळापासून पेशी म्हणजे कोर्टातली नाहीतर तहसीलातली तारीख. शरीरातली पेशी त्यांच्या गावीही नव्हती.

सकाळी दारात टेम्पो थांबला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले वडील पुढे, लाजेने लाल झालेली मुलगी मागे.

"म्याडम, माह्या पोरीनं काय केलं? पेशी काऊन लावली?"

"मी रस्ताभर सांगून राह्यली, बाबा आयकतच नाही!" मुलगी म्हणाली.

मी हसलेच असते, पण त्यांनी हात जोडले होते. भ्यालेला माणूस, तरी पोरीला मागे ठेवून स्वतः पुढे उभा होता. माझा राग तिथेच निवला.

"दादा, आत या. गुन्हा-बिन्हा काही नाही."

लॅपटॉपवर वर्ग भरला. मी माझा मोबाइल घातलेला चष्मा त्यांच्या डोळ्यांना लावला आणि मुलीला म्हटलं, "आज तू शिकव."

"मधी हे गोल काय व्हय?" त्यांनी विचारलं.

"केंद्रक, बाबा. सारा हुकूम इथूनच सुटते."

"म्हंजे सायब."

"हो, पण हा सायब कदी जेवायले जात नाही," लॅपटॉपमधून कुणीतरी बोललं आणि सगळा वर्ग खिदळला.

मग तिने पेशीभोवतीचा पडदा दाखवला, त्यातून काय आत येतं, काय बाहेर जातं ते सांगितलं. कुठे अडली नाही. मी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, आणि माझा स्वभाव तसा नाही.

वडिलांनी चष्मा काढला. "हे सारं तुले येते?"

"हो."

"मंग मले कदी सांगतलं काऊन नाही?"

"फोन तुमच्यापाशी असते नं, बाबा."

मग खिशातला फोन काढून त्यांनी तिच्या हातात दिला. टेम्पो ज्याला पाहिजे तो स्टँडवर येऊन भेटेल, म्हणाले. मुलगी फोन परत करायला लागली तर त्यांनी हात मागे घेतला आणि माझ्याकडे वळले.

"म्याडम, हिले याच्या पुढं अजून किती शिकता येते?"

सांगण्यासारखं खूप होतं. पण अभिमानाने तिच्याकडे बघत मी "खूप" एवढंच म्हटलं.